शेतमालकाचं नाव बोला

माणसाची कधीच चूक नसते, असं छातीठोकपणे मानणारा माझ्या पाहण्यातला एकमेव प्राणी म्हणजे माझा राणीसावरगावचा आतेभाऊ. तो बेंगळुरूला पदवीच्या पुढचं शिकत होता. विषय, माणसाचं आणि यंत्राचं एकमेकांशी कसं जमतं तो. कुणी विचारलं की आत्या सांगायची, "फोनातली बटनं कुठं लावायची ते शिकायलाय." सुट्टीत घरी आला की सगळ्यांना वैताग. पाहुण्यांनी पंख्याऐवजी दिवा लावला की हा त्यांची पाठ थोपटून म्हणे, "तुमचं काई चुकलं न्हाई, काका. बोर्डच येडा हाय." गंगाखेडच्या बसस्टँडवर लोक पाट्या कशा वाचतात ते बघत बसला आणि स्वतःची बस घालवली, दोष अर्थात पाटीचा! एका लग्नात चटणी डावीकडेच का, म्हणून वाढप्याला इतकं पिडलं, की त्यानं याच्या पानात जिलबी वाढलीच नाही.

शेवटच्या वर्षी त्यानं साखर कारखान्याकडे करायची उसाची नोंद नुसतं बोलून करता येईल असं अ‍ॅप बनवलं. लिहिता न येणाऱ्या एखाद्या बाईनं ते मदतीशिवाय शेवटपर्यंत नेलं तरच पदवी, असं सरांनी बजावलं होतं. ती बाई म्हणजे आत्या. ओसरीवर चित्रीकरण सुरू झालं. "माय, मी हूं की चूं करणार न्हाई," म्हणून हा हाताची घडी घालून बसला.

फोनमधली बाई म्हणाली, "शेतमालकाचं नाव बोला."

शेत आत्याच्या यजमानांचं, म्हणजे आमच्या मामांचं. आणि आत्यानं नवऱ्याचं नाव घ्यायचं?

"ह्येच्या बापाचं," ती पुटपुटली.

"समजलं नाही. पुन्हा बोला."

"लय आगाव हाय बाई ही!"

मामा दारात उभे राहून उगाचच खोकत होते. आतेभावाला घाम फुटला, पण बोलायची सोय नव्हती. शेवटी आत्यानं पदर सावरला.

"पिंडीवर बेल वाहते, उसाला देते पाणी, शिवलिंगअप्पांचं नाव घेते, ऐक गं फोनातल्या राणी!"

शेतमालक म्हणून फोननं अख्खा उखाणा नोंदवला आणि पुढची नोंद सुरळीत पार पडली. सर पोट धरून हसले म्हणे. पदवी दिली, पण तो प्रश्न बदलायला लावून. त्यानं बदललाही. आता शेताच्या चित्रावर बोट ठेवलं की झालं. आत्या चुटकीसरशी नोंद करते.

परवा मामांनी मला बाजूला घेतलं. "त्याला म्हनावं, ते जुनं परत टाकता येतंय का बघ. लग्नात घेतलं होतं तिनं नाव, त्याच्यानंतर त्या फोनापुढंच."

मी लगेच बेंगळुरूला फोन लावून निरोप सांगितला.

"दादा," आतेभाऊ म्हणाला, "मी नुसतं मायलाच विचारत बसलो. बाबाला कायच विचारलं न्हाई रे."