नानाने टूलखाली घातलेली पट्टी

या माणसाने एकदा सिल्वासाजवळच्या मसाटमधल्या कारखान्यातल्या आमच्या अख्ख्या टर्निंग सेक्शनला, म्हणजे लेथवर धातू कापणाऱ्या आम्हा सगळ्यांना, घरी पाठवायची पूर्ण व्यवस्था केली होती.

आज सकाळी तोच गेला. आमचा नाना.

नाना धुळ्याकडचा. ऐंशीच्या दशकात सिल्वासाला आला आणि लेथला जो चिकटला तो रिटायर होईपर्यंत. मशीन जरा थरथरलं की याच्या कपाळावर आठी. लगेच बोल्ट आवळ, धातू कापणाऱ्या टूलखाली लोखंडाची पट्टी सरकव. कँटीनचं डुगडुगणारं टेबलसुद्धा याने सोडलं नाही.

अशा माणसासमोर कंपनीने काय आणावं? मुद्दाम थरथरणारं टूल!

पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने समजावलं. टूल बारीक थरथरतं, क्षणभर धातूला लागतं, क्षणभर सुटतं, म्हणून कापायला जोर कमी लागतो. नानाने मान डोलावली. म्हणजे ऐकलं नाही.

ट्रायल जमली तर कडक स्टीलचं मोठं काम मसाटला, नाहीतर सेक्शन बंद. माझं नुकतंच लग्न झालेलं. नानाच्या दोन्ही पोरी शाळेत.

ट्रायल सुरू झाली. जोर दाखवणारा काटा साध्या टूलला जिथं होता, तिथंच. इंजिनिअरला घाम फुटला. मॅनेजर म्हणाले, बस झालं, सामान आवरा.

तेवढ्यात नाना खुशीत माझ्या कानाशी आला.

"टूल पार लटपटत होतं भो. सकाळी खाली पट्टी घातली. बघ, आता जरा तरी हलतंय का?"

अरे बाबा, ते हलायलाच आणलंय, असं मी त्याला दात-ओठ खात सांगितलं.

नानाचा चेहरा उतरला. गप्प बसला असता तर सगळं मशीनच्या नावावर खपलं असतं. पण हा सरळ मॅनेजरसमोर जाऊन उभा राहिला.

"साब, मशीन में खोट नहीं. पट्टी मैंने लगाया. मेरे को निकालो, सेक्शन बंद मत करो."

पट्टी काढली. काटा झरकन खाली आला. इंजिनिअरने आनंदाच्या भरात नानालाच मिठी मारली.

काम मिळालं. मॅनेजरने शिक्षा म्हणून नानाला त्याच मशीनवर बसवलं. पुढे कित्येक वर्षं त्या थरथरीला शिव्या घालत त्याने एक नंबर पीस काढले.

आज स्मशानात सेक्शनमधले सगळे होते. कुणाचे केस गेलेत, कुणाचे दात. सगळ्यांची घरं इथंच झाली, पोरं इथंच शिकली.

कुणालाच तेव्हा गावी परत जावं लागलं नाही.

नाना, खूप रडू येतंय रे. नीट जा.