तिसऱ्या पिनमागे काहीच नव्हतं

"काकू, थांबा!" असं मी ओरडेपर्यंत सावंत काकूंचा हात बॉक्सवर टेकला होता.

त्या किंचाळल्या, मागे फेकल्या गेल्या आणि शोकेसच्या कोपऱ्यावर आपटल्या. उजवा हात अंगाखाली आला. आतल्या खोलीतून त्यांची मुलगी मंजिरी धावत आली. मी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग काकूंना उचललं.

डोंबिवली पूर्वेला सावंतांचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत टेस्ट इंजिनिअर होते. आमच्या कंपनीने एक बॉक्स बनवला होता. घरातल्या कॉम्प्युटरवर साठवलेली गाणी आणि व्हिडिओ हॉलमधल्या टीव्हीवर दाखवायचे, एवढंच त्याचं काम. आतल्या खोलीतून हॉलपर्यंत एक वायर आणायची, तिचं एक टोक कॉम्प्युटरला, दुसरं बॉक्सला, आणि बॉक्सची पिन टीव्हीला. यालाच आम्ही मोठ्या तोऱ्यात होम नेटवर्क म्हणायचो. लॅबमध्ये तो महिनाभर मस्त चालला. खऱ्या घरात चालतो का, ते बघायला मी आले होते. मंजिरी घरीच डीटीपीची कामं घ्यायची, त्यामुळे तिच्याकडे कॉम्प्युटर होता. त्या काळी अशी घरं शोधावी लागत.

चित्र सुरेख आलं होतं. मंजिरीच्या भावाच्या लग्नाची सीडी तिने कॉम्प्युटरवर चढवली होती आणि हॉलमध्ये अक्षता पडत होत्या. मी चटईवर बसून बॉक्स जरा सरकवला, तेव्हा मनगटाला मुंग्या आल्यासारखं झालं. मी टेस्टर काढायला पर्स उघडली. तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून आल्या. फरशी नुकतीच पुसलेली, पाय अनवाणी, हात ओले. बॉक्सवर घालायला त्यांनी क्रोशाचा रुमाल आणला होता. आमच्या लॅबमध्ये कुणी बॉक्सवर रुमाल घालत नव्हतं.

काकूंना शेजारच्यांबरोबर दवाखान्यात पाठवलं आणि मी बॉक्स पुन्हा चालू केला. टेस्टर बॉक्सच्या पत्र्याला लावला. दिवा लख्ख पेटला. मग स्विचबोर्ड उघडला. प्लगच्या तीन पिनांपैकी वरची जाडी पिन अर्थिंगची. वस्तूच्या पत्र्यावर वीज आलीच, तर ती माणसातून न जाता या पिनेतून जमिनीत जावी म्हणून ती असते. सावंतांच्या बोर्डवर तिसरं भोक होतं. त्याच्यामागे वायरच नव्हती. बिल्डरने नुसतं भोक दिलं होतं. खाली जाऊन आणखी दोन बिऱ्हाडांत पाहिलं, तिथेही तेच.

पण पत्र्यावर एवढी वीज आली कुठून? ऑफिसात येऊन बॉक्स खोलला. विजेतली खरखर चित्रात उतरू नये म्हणून आत दोन कपॅसिटर असतात. ते खरखर पत्र्यावर सोडतात, पत्र्यावरून ती अर्थिंगमध्ये जाते. तिच्याबरोबर थोडा करंटही जातो. तो थोडाच जावा म्हणून कपॅसिटर छोटे ठेवायचे असतात. आमच्या ड्रॉइंगमध्ये छोटेच होते. बॉक्समध्ये त्याच्या वीसपट मोठे बसवले होते. फाइलमध्ये बदलाची चिठ्ठी सापडली. चित्रावर आडव्या रेघा येतात म्हणून मोठे लावा, असं लिहिलेलं. खाली सही आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरची, वैद्य साहेबांची. ही चिठ्ठी आमच्या टेस्ट विभागाकडे आलीच नव्हती.

माझं डोकं सणकलं. रिपोर्टवर मोठ्या अक्षरात 'फेल' लिहिलं आणि वैद्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"प्रधान मॅडम, हा प्रॉब्लेम आपला नाही," ते कागदावर नजर टाकत म्हणाले. "त्या घराचं वायरिंग खराब आहे."

"डोंबिवलीत निम्म्या बिल्डिंगांचं असंच असेल. आपण तिथेच विकणार ना?"

"लॅबमध्ये शॉक बसतो का?"

"लॅबमध्ये अर्थिंग आहे, साहेब."

"मग झालं तर. सोमवारी डीलर्सचा डेमो आहे. त्यानंतर दहा घरांत दहा बॉक्स जाणार आहेत. आत्ता डिझाइनला हात लावायला वेळ नाही."

"काकूंचं मनगट मोडलंय. डावा हात टेकला असता आणि उजव्या हाताने खिडकीचा गज धरला असता, तर करंट छातीतून गेला असता."

"गेला नाही ना?"

मी रिपोर्ट उचलून बाहेर पडले. आणखी बोलले असते तर नोकरी गेली असती.

दुसऱ्या दिवशी वैद्यांकडून माझ्याकडे सहीसाठी टाइप केलेला नवा रिपोर्ट आला. 'वापरकर्ती महिला ओल्या फरशीवरून घसरली. प्रॉडक्टशी संबंध नाही. निकाल: पास.' खाली माझं नाव, सहीची जागा मोकळी. ज्या बाईने मला पोहे करून घातले, तिच्यावरच तिच्या मोडलेल्या हाताचा दोष. मी तो कागद चुरगळला. मग पुन्हा सरळ केला, कारण तो पुरावा होता.

चिठ्ठी, जुना रिपोर्ट, नवा रिपोर्ट आणि बॉक्स घेऊन मी थेट मालकांच्या केबिनमध्ये गेले. त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत. वैद्य माझ्यामागून धावत आले.

"साहेब, मॅडम जरा इमोशनल झाल्यात," ते म्हणाले.

"मी इमोशनल नाही, मी चिडलेय," मी म्हणाले. "साहेब, पाच मिनिटं द्या."

मी येतानाच एक दोन पिनांचा प्लग आणला होता. तो बॉक्सला लावला, म्हणजे आता सावंतांच्या घरात होतं तसंच, अर्थिंग नाही. बॉक्स टेबलावर ठेवून चालू केला. टेस्टर टेकवला. दिवा पेटला. मोठ्या साहेबांनी चष्मा वर केला.

"वैद्य म्हणतात धोका नाही," मी म्हणाले. "मग त्यांनी चपला काढून, हात ओला करून बॉक्सला हात लावावा."

मोठे साहेब वैद्यांकडे वळले. "लावा."

"साहेब, असं उगाच कशाला..."

"उगाच कसं? तुम्हीच पास केलाय ना?"

टेबलावर पाण्याचा ग्लास होता. वैद्यांनी तो उचलला नाही. हात खिशात घातला आणि तिथेच ठेवला. मोठ्या साहेबांनी त्या खिशाकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "बंद करा ते. डेमो होणार नाही."

रविवारी मी सफरचंदं घेऊन डोंबिवलीला गेले. मंजिरीने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही. "तुम्ही टेस्ट करायला आमच्याच घरी आलात? आधी स्वतःच्या घरी का नाही केली?" मी सफरचंदांची पिशवी तिच्यापुढे धरली. आतून काकू म्हणाल्या, "अगं, तिला आत तरी घे." प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या. मी त्यांना खरं काय झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी घसरले नव्हते ना? आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे म्हणतात, घसरली." ते कुणीतरी कंपनीतूनच पसरवलं होतं.

पुढे बॉक्सचा पॉवर सप्लाय नव्याने बनवला, बॉडी प्लास्टिकची केली. त्यात सहा महिने गेले. तोवर टीव्हीला जोडायचे स्वस्त व्हीसीडी प्लेअर घरोघरी पोचले होते. कॉम्प्युटर हवा, वायर हवी, ही भानगड कुणाला नको होती. प्रोजेक्ट बंद पडला. वैद्य साहेब दुसऱ्या विभागात वरच्या पदावर गेले. मला येणारा माल तपासायला स्टोअरच्या शेजारी बसवलं. कारण कळवलं: टीमवर्क कमी.

त्यानंतर बावीस वर्षं मी वस्तू तपासल्या. एक सवय लागली. वस्तू घरासाठी असेल, तर घरात नेऊन, अर्थिंग काढून, ओल्या हाताने तपासायची, आणि पहिला हात ती बनवणाऱ्याचा लावायला सांगायचा. ही अट घातली त्या पहिल्याच दिवशी बनवणाऱ्यांनी हात मागे घेतले आणि निम्म्या वस्तू परत गेल्या.