लघुग्रहाचा जोडीदार आणि कोजागिरी

मी काही कॉलेजात शिकलेली नाही हो. ठाण्यात आकाश बघणाऱ्यांची एक मंडळी जमायची, तिथे काच घासघासून दुर्बिणीचा आरसा करायला शिकले, तेवढंच माझं शिक्षण. नव्वदनंतरची गोष्ट. डोंबिवलीला आमच्या इमारतीच्या गच्चीवर ती दुर्बीण मांडून मी एका लघुग्रहाचं तेज मोजत बसायचे. मोजायचं म्हणजे काय, तर त्याच्या शेजारचा एक जरा उजळ तारा धरायचा, एक जरा मंद, आणि हा दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते नजरेने ठरवायचं. दगडच तो, बटाट्यासारखा वेडावाकडा. गिरकी घेताना लांब बाजू समोर आली की उजळायचा, टोक आलं की मंदावायचा. त्याची ती लय माझ्या डोळ्यांत बसली होती.

आणि एकदा तो लय सोडून मंदावला. थोडाच वेळ, मग पहिल्यासारखा. काही रात्रींनी पुन्हा तसंच. माझ्या मनात आलं, याच्याभोवती दुसरा एखादा दगड फिरत असेल आणि तो आड येत असेल तर?

मंडळीतले वयस्कर सर हसले नाहीत. विरळ ढग असेल, डोळे थकले असतील, काहीही असेल म्हणाले. "ताई, त्याच अंतराने तिसऱ्यांदा दिसलं तर मोठ्या दुर्बिणीवाल्यांना कळवू. तोवर नाही."

घरी येऊन हिशोब केला, कॅलेंडर बघितलं, तर तिसरी खेप नेमकी कोजागिरीला. आता बघा, लघुग्रह सूर्याच्या समोरासमोर आला की सगळ्यात उजळ दिसतो, आणि पुनवेचा चंद्रही तिथेच उभा असतो. माझा लघुग्रह नेमका तेव्हाच समोर आलेला, म्हणजे दोघं अगदी शेजारी, आणि चंद्राच्या उजेडात हा बुडणार. त्यानंतरच्या खेपा दिवसाउजेडी येत होत्या, आणि परत रात्री येईपर्यंत तो लांब जाऊन माझ्या दुर्बिणीला दिसेनासा होणार होता. रागवायचं तरी कुणावर?

त्या रात्री गच्चीवर दुधाचं पातेलं, त्यावर हॅलोजन. सेक्रेटरींना म्हटलं, थोडा वेळ दिवा बंद करता का? "काकू, अंधारात दूध कुणाच्या डोक्यावर ओतू?" सगळे हसले, मीही हसले. मनात मात्र म्हणत होते, एरवी कधीही जाते, आज जाऊ दे ना वीज.

तर खरंच गेली. मी धावत दुर्बिणीला डोळा लावला. आत सगळं पांढुरकं, ताकासारखं. उजळ तारा कसाबसा दिसत होता, मंद तारा बुडालेला. लघुग्रह आहे की नाही तेही सांगता येईना. वीज गेली, पण चंद्र कसा जाणार?

तेवढ्यात शेजारीण म्हणाली, "वहिनी, आता चंद्र तरी दाखवा की." रांगच लागली. दुर्बीण जराशीच वळवावी लागली. लोक चंद्रावरचे खड्डे बघत होते आणि ती वेळ निघून चालली होती. आमचे हे दुधाचा पेला घेऊन शेजारी उभे राहिले.

"असेल का गं आत्ता तो मंदावलेला?"

"असेलही. नसेलही."

दिवे आले तेव्हा टाळ्या वाजल्या.

पुढच्या रविवारी ठाण्याला सरांनी विचारलं, दिसलं का? नाही म्हणावं तर तो दगड एकटा ठरतो. हो म्हणावं तर खोटं.

"चंद्र होता, सर," म्हटलं.

ते नुसतंच बरं म्हणाले आणि माझ्यासाठी चहा सांगितला.