गरम इंजनावरचं पाणी

ही गोष्ट मी कोणालेच सांगतली नाही. बायकोले नाही, पोरांले नाही. मनातल्या मनात बोलायले बसलो तरी मधीच तोडतो. आज तुम्हाले काहून सांगून राहिलो, ते मलेही धड समजत नाही.

भंडाऱ्याजवळच्या शहापूरले हायवेच्या कडेले माहं गॅरेज होतं. ऐंशीच्या पुढची गोष्ट. भंडाऱ्याच्या एका धानगिरणीवाल्या शेठजींकडे जुनी विलायती मोटर होती, त्यांच्या वडलांच्या वेळची. ती चालवायचे शालिकभाऊ. उभं आयुष्य त्यांनी त्या एका गाडीवर काढलं. गावातले नवरदेव त्याच गाडीत बसत, अन् शालिकभाऊ फेटा बांधून स्टेअरिंगवर. लोक नवरदेवाआधी त्यांच्याकडे पाहत, असा थाट होता.

दसऱ्याच्या तोंडावर ती गाडी माह्याकडे आली. मॅनिफोल्डचं गॅसकेट, म्हणजे जोडामधली पट्टी, गेलं होतं. मॅनिफोल्ड म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल-हवा इंजनात नेणारा नळ — त्या गाडीचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा होता. बीड वाकत नाही, तुटते. म्हणून नट कसायचे ते मधल्यापासून, थोडे थोडे, मग टोकाकडे. हे मीच दुसऱ्यांले शिकवायचो. अन् त्या दिवशी? सणाची घाई, दारात ट्रक उभे, डोकं तापलेलं. टोकाचाच नट आधी धरला, पान्याले पाईप लावला अन् दिला जोर.

टक् झालं.

बारीकच आवाज — पण मिस्त्रीच्या कानाले तो समजतो हो. बोट फिरवलं. केसाएवढी चीर. नवा नळ नागपूरच्या भंगारात शोधावा लागला असता, दसरा हातचा गेला असता, अन् माहं नाव खराब झालं असतं. मी चिरेत साबण घासला, वरून काळा रंग मारला, गाडी देऊन टाकली. सण निघून जाऊ दे, मग पाहू — असं म्हटलं. पाहिलं असतं का खरंच? नाही वाटत.

दसऱ्याच्या सकाळी शालिकभाऊंनी दरवर्षीसारखी गाडी कारध्याले नदीवर नेली. पूजेआधी गाडी धुवायची रीतच आहे. बॉनेट उघडून इंजनावरही वैनगंगेचं पाणी मारलं. पूजेले शेठजींच्या दारात गाडी आली ती फुसफुस करतच. कार्बोरेटरमधून फटाके वाजत, इंजन बंद पडे. सोयरेधायरे जमलेले. शेठजी संतापले.

मले बोलावणं आलं. जाऊन पाहतो तर साबण वाहून गेलेला, रंग निघालेला, चीर उघडी, अन् तिच्यातून हवा आत जाऊन राहिली होती. सारे भोवताल उभे. शेठजींनी विचारलं, "मिस्त्री, हे कायनं झालं?"

आता सांगावं का? तोंड उघडणार तेवढ्यात शालिकभाऊच मधात बोलले, "सकाळी नदीवर धुतली जी मी. इंजन गरमच होतं." साऱ्यांनी माह्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "गरम बिडावर थंडं पानी पडलं का तडकतेच."

खोटं होतं का ते? तडकते खरंच. पण हे त्यानं तडकलं नव्हतं — अन् ते एकट्या मले माहीत होतं.

शेठजींनी तिथंच किल्ली मागून घेतली. शालिकभाऊंनी ती शर्टाले पुसून त्यांच्या हातात ठेवली. अन् मी? चीर पाहायचं सोंग करून इंजनावर वाकून होतो. पुढं भंगारातून नळ आणला, नीट बसवला. शेठजी खूश.

शालिकभाऊ तुमसरले दुसऱ्याच्या गिरणीत पोती उचलू लागले, त्या वयात. इकडं आले की गॅरेजवर थांबत. नव्या ड्रायव्हरांले सांगत, "गरम इंजनावर पानी टाकू नोका रे. मी त्या गाडीची माती केली. इचारा मिस्त्रीले." अन् मी मान हलवायचो. तेव्हा तर शेठजी समोर नव्हते — मग काहून हलवली? भ्याड होतो, दुसरं काय.

मग शालिकभाऊ वारले. दोन महिन्यांनी मी त्यांच्या घरी भेटायले गेलो. त्यांची बायको म्हणाली, "तुमचं लय नाव काढत जी ते. म्हणत, त्या दिवशी सारे मले बोलले, मिस्त्री एकटाच वाकडा बोलला नाही."

तिनं चहा केला. मी तिच्यासमोर बसून तो पुरा प्यालो, अन् घरी आलो.