आपत्ती नाही

महाराष्ट्राच्या हद्दीपलीकडे, सौंसरपासून दोन कोसांवरच्या एका मराठी शाळेत मी भूगोल शिकवायचो. भिंतीवर भारताचा नकाशा होता. गंगेची निळी रेघ पूर्वेकडे जाते आणि हद्दीच्या ठिपक्यांमधून शेजारच्या देशात शिरते, तिथे मी छडी थांबवायचो. वरच्या देशानं बांध घातला की खालच्या देशाच्या शेतांचं काय होतं, दोन्ही सरकारांची बोलणी का अडतात, हे सगळं मला छान समजावून सांगता यायचं.

आमच्या गावच्या नदीचं मी काय केलं, ते मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

गोष्ट ऐंशीनंतरच्या चार-दोन वर्षांतली. गावाच्या वरच्या अंगाला आमची संत्र्याची बाग होती आणि खालच्या अंगाला, नदीच्या थडीवर, बौद्धांची चौदा घरं. त्यांच्याकडे जमीन नव्हती. पावसाळा ओसरला की ती माणसं वाळूत डांगरं आणि टरबुजं लावायची. प्यायचं पाणीही वाळूतलंच, हातानं उकरलेल्या झिऱ्याचं. ही नदी पुढे रामाकोन्याच्या बाजूनं कन्हानला मिळते आणि कन्हान महाराष्ट्रात जाते. म्हणजे खाली कोण कोण होतं, ते मला नकाशावर दाखवता आलं असतं.

संध्याकाळचा प्रौढांचा वर्ग माझ्याकडे होता. वस्तीतला एक म्हातारा त्यात नेमानं यायचा. आला की "जय भीम, मास्तर जी," म्हणायचा. मी "नमस्कार" म्हणायचो. दोन वर्षांत मी त्याला कधी जय भीम म्हटलं नाही आणि त्यानंही ते कधी बोलून दाखवलं नाही. साठीत अक्षरं शिकला. मोठं, गोल अक्षर. रेडिओवरच्या बातम्या हॉटेलाबाहेर उभा राहून ऐकायचा आणि वर्गात विचारायचा.

"मास्तर जी, थो वरचा देश खालच्यायले इचारते का बांधाच्या आधी?"

"विचारायला पाहिजे, बाबा. कायदा तसाच असतो."

"अन् नाही इचारलं तं?"

"तर भांडण."

"मंग आपल्या गावात तं रोजच भांडन पाह्यजे," तो म्हणाला. सगळा वर्ग हसला, मीही हसलो.

आमच्या बागेची विहीर होळीच्या आधीच तळाला जायची. झाडं पिवळी पडत चालली होती. वडील सकाळी एकेका झाडाला हात लावत फिरायचे. म्हणून गावाच्या अंगाशीच, बागेच्या खाली आणि वस्तीच्या वर, नदीवर स्टॉपडॅम होणार असं कळलं तेव्हा घरात आनंद झाला. पावसाळा संपला की खांबांमध्ये फळ्या टाकायच्या, पाणी वर तुंबवायचं, विहिरी भरायच्या. तुंब आमच्या बागेपर्यंत येणार होता.

बांधावरचा सरकारी ओव्हरसियर दुसऱ्या मुलखातला होता, त्याला मराठी येत नसे. आमच्याकडच्या सरकारी रिवाजाप्रमाणे हिंदीत लिहिलेला कागद घेऊन तो शाळेत आला. "मास्टरजी, ये लोग आपकी बात मानते हैं. चलकर समझा दीजिए."

वस्तीत विहाराच्या ओट्यावर माणसं जमली. बांध होणार हे त्यांना माहीत होतं. पूर दरवर्षी त्यांच्या अंगणात शिरायचा आणि बांधानं तो थांबेल असं कुणीतरी त्यांना सांगून ठेवलं होतं. मी कागद वाचायला घेतला, तेवढ्यात म्हाताऱ्यानं हात पुढे केला.

"मीच वाचून पाह्यतो, मास्तर जी. तुमचीच इद्या हाय."

त्यानं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि अक्षर अक्षर जुळवत मोठ्यानं वाचलं, "हम ग्रामवासियों को कोई आपत्ति नहीं है."

मग मान वर केली. चेहरा फुलला होता.

"आपत्ती नाही. म्हंजे बांधानं आपल्यावर काही आपत्ती येत नाही. सरकारनं लिहून देल्लं. होय ना, मास्तर जी?"

हिंदीतली आपत्ति म्हणजे हरकत. आपल्या मराठीतली आपत्ती म्हणजे संकट. सरकार त्यांना काही लिहून देत नव्हतं. त्यांच्याकडून लिहून घेत होतं, की आमची हरकत नाही. हे त्या ओट्यावर ओव्हरसियरला आणि मला कळत होतं, आणि म्हातारा काय समजलाय हे फक्त मला.

त्याची सून दारातून म्हणाली, "अन् झिऱ्याचं पानी? फळ्या टाकल्यावर खाली येईन का?"

"क्या बोल रही है?" ओव्हरसियरनं मला विचारलं.

"कुछ नहीं," मी म्हणालो. आणि म्हाताऱ्याकडे वळून, "हो बाबा. आपत्ती नाही."

"पाह्यलं का," तो बाकीच्यांना म्हणाला, "आपल्याले इचारून राहिले. कागद घेऊन दारात आले." इतरांनी अंगठे लावले. त्यानं अंगठा लावला नाही. कागद मांडीवर सरळ केला आणि सही केली. सरकारी कागदावरची त्याची पहिलीच सही. मीच शिकवलेली.

सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर मला शोधत बसावं लागलं नाही. लोधीखेड्याकडच्या एका गावाला असाच कागद आला. त्यांनी आपत्ति आहे असं लिहून दिलं. त्यांच्या बांधाला तळाशी मोरी ठेवली गेली, आणि खाली पाणी जात राहिलं. आमच्या बांधाला मोरी नव्हती.

दिवाळीनंतर फळ्या पडल्या. संक्रांतीपर्यंत झिरे कमरेइतके खोल गेले, मग पुरुषभर. डांगराचे वेल वाळूवरच करपले. आमच्या विहिरीला मात्र हात पुरेल इतकं पाणी चढलं. वस्तीतल्या बायका घागरी घेऊन तिथे येऊ लागल्या. वडील त्यांना विहिरीच्या काठावर चढू देत नसत. कुणीतरी पाणी काढून वरून त्यांच्या घागरीत ओतायचं, तेही घरचं आटोपल्यावर. म्हाताऱ्याची सून त्या रांगेत उभी असायची. माझ्याकडे पाहायची नाही. मी शाळेत जायची वाट बदलली.

दुसऱ्या वर्षी फळ्या पडल्या आणि घरं उठायला लागली. नागपूरकडच्या वीटभट्ट्यांवर काम मिळत होतं. एका दुपारी म्हातारा शाळेत आला. त्याची नात दुसरीत होती, तिचा दाखला हवा होता.

खुर्ची दिली तरी बसला नाही. म्हणाला, "सौंसरले गेलो होतो, पान्यासाठी अर्ज घेऊन. बाबू म्हने, तुमने तो लिखकर दिया है. आपत्ति म्हंजे हरकत व्हय म्हने हिंदीत."

मी दाखल्याचं पुस्तक उघडलं.

"तुमाले माहीत होतं का, मास्तर जी?"

एवढंच विचारलं त्यानं. आवाज चढवला नाही. मी म्हणालो, "नाही बाबा. मलाही माहीत नव्हतं."

त्यानं मोठा श्वास सोडला. "मंग बरं. सून म्हने, मास्तरले माहीत होतं. मी तिच्यावर खेकसलो. तुमी तरी काय करसान, ते भाषाच परकी."

बी.ए.ला माझा एक विषय हिंदी होता.

दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. मी पेन धरून थांबलो. तो वाकून पाहत होता, वाचता येत होतं त्याला.

"आता लिहा ना तिथं," तो म्हणाला. "आपत्ती. मराठीतली."

मी लिहिलं नाही. तो कागद कुठल्या शाळेत जाईल, कोण वाचेल, कोण विचारील, अशी भीती वाटली. नोकरदारांच्या मुलांच्या दाखल्यावर लिहितो तेच लिहिलं: 'पालकांची बदली'.

त्यानं ते हळूहळू वाचलं. दाखला मिळाल्याची सही करायला मी पुस्तक पुढे सरकवलं. त्यानं पेन घेतलं, थोडा वेळ हातात धरलं, आणि टेबलावरचं शाईचं पॅड ओढून अंगठा लावला.

जाताना तो "जय भीम" म्हणाला नाही. मी म्हणायला उठलो होतो.