काटामावशींचा तीस

पार्सलच्या गोदामात वजनकाट्यावर बसणाऱ्या काटामावशींनी संगणकातल्या वजनांच्या यादीसाठी मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, स्वतः लिहिला होता. तो वजनाची मर्यादा विचारायचा, मावशी तीस किलो भरायच्या, आणि तो तिच्याहून जड खोकं लाल दाखवायचा, म्हणजे ते दोघांनी उचलायचं. पण वर्षभरात एकही लाल झालं नाही.

आज एक खोकं एकट्याने उचलताना हमालदादा कळवळले, "मावशी, हे हलकं?"

मावशींनी कोड उघडला आणि ओरडल्याच, "अहो दादा, खोक्यांची वजनं आकडे आहेत, पण आपला तीस मेला मजकूर होऊन बसलाय! आणि मॅक्रोच्या लेखी मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठाच!"

त्यांनी तिसाचा आकडा केला, बटण दाबलं. वर्षभराच्या यादीने पडदा लालेलाल! मावशी टाळ्या पिटत उठल्या.

दादा कंबर धरून हसले. "यातलं एकेक खोकं ओळखतो मी."