वाघिणीच्या दारातल्या चपला

मालगाडीच्या डब्याला आमच्याकडे वाघीण म्हणतात. इंग्रजी 'वॅगन' हमालांच्या तोंडी घोळून घोळून तिची वाघीण झाली आणि पुढे छापील कागदावरही तीच बसली. लहानपणी अण्णा, म्हणजे माझे वडील, "आज बेचाळीस वाघिणी लागल्यात" म्हणत निघाले की मी भोकाड पसरायचे. ती भीती अगदीच खुळी नव्हती, हे गेल्या उन्हाळ्यात कळलं.

अण्णा मालधक्क्यावर कांदा भरणाऱ्या टोळीचे मुकादम. पिंपळगावकडून ट्रॅक्टर येतात, गोण्या वाघिणीत चढतात. कांदा म्हणजे लक्ष्मी, त्यावर चपलेनं चढायचं नाही. म्हणून चपला दाराशी काढायच्या. चपला दिसल्या की आत माणूस आहे, दार लावायचं नाही. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण कुणी मोडत नाही.

त्या दुपारी मी जेवणाचा डबा घेऊन गेले. एका वाघिणीच्या दाराशी अण्णांच्या चपला उन्हात तापत होत्या. म्हटलं, म्हाताऱ्याचे पाय भाजतील. उचलल्या आणि पाण्याच्या टाकीमागं सावलीत ठेवून तिथंच वाट बघत बसले.

अर्ध्या तासानं एक हमाल आला. "ताई, मुकादम कुठं हायेत?"

मी ताडकन उठले.

"अहो, चपला मीच उचलल्या!" मी किंचाळले. पण कुठल्या दारातून? सगळ्या वाघिणी सारख्याच तपकिरी, भरलेल्या, बंद. जो तो दारांच्या खिट्ट्या ठोकून पक्क्या करत होता. पुढं इंजिनही लागलं होतं. "ती ठोकठोक बंद करा!" मी हमालांवर ओरडले. मी "अण्णा! अण्णा!" करत गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले, परत आले.

"बाई, सिग्नल झालाय," गार्ड म्हणाला.

"झाला तर झाला! आधी दारं उघडा!"

नवव्या दारामागं अण्णा सापडले. दार आणि गोण्यांच्या मधल्या बोळात बसलेले, घामानं निथळत, ओठ पांढरे. दोन तांबे पाणी डोक्यावर ओतल्यावर त्यांनी डोळे नीट उघडले. मी रडतही होते, भांडतही होते. "आवाज तरी द्यायचा होतात ना!"

त्यांनी मूठ पुढं केली. बोटांची सालटी निघाली होती.

"दिला की गं. तूच ओरडलीस ना बाहेरून, ती ठोकठोक बंद करा म्हणून?"

ओरडले होते. अण्णांचा आवाज ऐकू यावा म्हणून.